पाय मोकळे करण्याचा हक्क

(संघटनेच्या वार्षिक मेळाव्यात ‘बाईचं मन आणि आपलं काम’ या सत्रात एका कार्यकर्तीनं केलेल्या भाषणाचं शब्दांकन.)



सत्राच्या पत्रिकेत माझ्या नावापुढे ‘पळणं आणि मानसिक आरोग्य’ असा विषय छापला आहे. तो वाचून काहीजणी हसल्या असतील. सकाळपासून आपण समुपदेशन, औषधं, कायदा, सरकारी दवाखाने यांवर बोललो. त्यात हे पळणं मध्येच कुठून आलं? पळणं म्हटलं की शहरातल्या खात्यापित्या घरची माणसं, महागडे बूट आणि छातीवरचा नंबर डोळ्यांपुढे येतो. शिवाय बाईला आणखी पळायला कशाला सांगायचं, ती दिवसभर पळतच असते, असंही कुणी म्हणेल.

तेही खरंच आहे. नळाला पाणी आलं की पळायचं, एसटी सुटेल म्हणून पळायचं, पोरांच्या शाळेची घंटा होईल म्हणून पळायचं, कामावर खाडा लागेल म्हणून पळायचं. पण हे सगळं पळणं दुसऱ्या कशाच्या तरी धाकानं असतं. मराठीत एक साधा शब्दप्रयोग आहे, ‘जरा पाय मोकळे करून येतो’. रात्रीची जेवणं झाली की घरातला पुरुष एवढं म्हणतो, पायात चपला सरकवतो आणि बाहेर पडतो. कुठे, कशाला, कोणाबरोबर, हे त्याला कुणी विचारत नाही. तेच वाक्य घरातल्या सुनेनं म्हटलेलं आपल्यापैकी कितीजणींनी ऐकलं आहे? पाय मोकळे करण्याची गरज तिला नसते असं थोडंच आहे? मला आज याच गरजेबद्दल बोलायचं आहे.

आपल्या केंद्रात बाई येते तेव्हा ती ‘मला नैराश्य आलंय’ असं म्हणत नाही. ती म्हणते, डोकं जड झालंय. छातीत धडधडतं. हातापायांतलं बळ गेलंय. रात्री डोळा लागत नाही, पहाटे तीनला जाग येते आणि विचारांचं चक्र थांबतच नाही. कशात जीव लागत नाही. दवाखान्यात गेली की तिला टॉनिकची बाटली मिळते, नाहीतर ‘मन रमवा’ असा सल्ला मिळतो. घरी गेली की ‘तुला काय कमी आहे’ हा प्रश्न वाट बघत असतो. कधी अंगात आलं म्हणतात, कधी नाटकं करते म्हणतात.

याची किंमत काय आहे ते आकड्यांतही दिसतं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२१ या एका वर्षात देशात ४५ हजारांवर स्त्रियांनी आत्महत्या केल्या आणि त्यांतल्या २३ हजारांहून अधिक ‘गृहिणी’ होत्या. म्हणजे निम्म्याहून जास्त. ज्या घराला आपण बाईचा आसरा म्हणतो, त्या घरातच दिवस काढणाऱ्या या बायका. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात असं आढळलं की निरनिराळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के माणसांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. तेव्हा मानसोपचारतज्ज्ञ हवेत, औषधं हवीत, ती तालुक्याच्या दवाखान्यात मिळायला हवीत, ही आपली मागणी आहेच. ती मागणी करत असतानाच आपल्या हाताशी काय आहे, तेही बघायला हवं.

आता पळण्याबद्दल काय माहीत झालं आहे ते सांगते. २०२४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. नैराश्य आणि व्यायाम यांवरचे २१८ अभ्यास आणि १४ हजारांहून जास्त माणसं त्यात होती. चालणं किंवा हळू पळणं, योगासनं आणि वजन उचलण्याचे व्यायाम यांनी नैराश्य कमी व्हायला चांगली मदत होते, असा त्याचा निष्कर्ष निघाला. यातले बरेच अभ्यास काटेकोर नव्हते, हेही त्याच आढाव्यात म्हटलं आहे. म्हणून ‘पळा आणि बरे व्हा’ अशी पाटी लावायला आपण मोकळ्या होत नाही. पण ही कुणाची नुसती समजूत नाही, एवढं नक्की म्हणता येतं.

मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो अ‍ॅमस्टरडॅमचा २०२३ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास. नैराश्य किंवा चिंतेचा आजार असलेले १४१ जण त्यात होते आणि त्यांतल्या बहुतेकांना निवड करायला सांगितलं होतं, १६ आठवडे गोळ्या घ्यायच्या की १६ आठवडे गटाबरोबर पळायचं. ९६ जण पळणाऱ्या गटात होते, ४५ जण गोळ्यांच्या. शेवटी दोन्ही गटांत साधारण ४४ टक्के माणसं आजाराच्या बाहेर आली. वजन, रक्तदाब वगैरे बाबतींत पळणारा गट सरस ठरला, ते वेगळंच. मात्र गोळ्या घेणाऱ्यांपैकी ८२ टक्क्यांनी ठरल्याप्रमाणे उपचार पुरे केले आणि पळणाऱ्यांपैकी फक्त ५२ टक्क्यांनी. हौसेनं निवडलेल्या गोष्टीतही जवळजवळ निम्म्या माणसांना टिकून राहता आलं नाही.

हे वाचून ‘माणसं आळशी असतात’ असं कुणी म्हणेल. ज्याला नैराश्य माहीत आहे तो असं म्हणणार नाही. या आजारात अंथरुणातून उठून केस विंचरणं हेच डोंगराएवढं काम असतं. ज्या बाईच्या अंगातलं बळच आजारानं काढून घेतलं आहे, तिला ‘मनाचा निर्धार कर आणि रोज पळ’ असं सांगणं म्हणजे पाय मोडलेल्याला जिना चढून वर औषध घ्यायला बोलावण्यासारखं आहे. म्हणूनच मी म्हणते की प्रश्न एकटीच्या निर्धाराचा नाही, सोबतीचा आहे. ती नसेल तर पळण्याचा गुण बाईपर्यंत पोचायच्या आधीच सुटून जातो.

याला आपल्या जवळचाच एक आधार आहे. गोव्यातल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या ४९५ रुग्णांबरोबर एक प्रयोग झाला, तो २०१७ साली लॅन्सेटमध्ये छापून आला. त्यात बोलायला बसणारी माणसं डॉक्टर नव्हती, थोडं प्रशिक्षण घेतलेली गावातली साधी माणसं होती. त्यांचं सूत्र सोपं होतं. बरं वाटलं की कामाला लागेन असं आजारी माणूस म्हणत बसतं आणि बरं काही वाटत नाही. म्हणून उलटीकडून सुरुवात करायची, आधी छोटीशी कृती, मग मन हळूहळू मागून येतं. या पद्धतीनं माणसं बरी होण्याचं प्रमाण नेहमीच्या उपचारांपेक्षा चांगलं वाढलं. पण ती पहिली छोटी कृती करून घ्यायला समोर एक माणूस लागलं, हे ध्यानात घ्या.

पळताना शरीरात काय होतं, तेही थोडक्यात सांगते. झोप सुधारते, आणि झोप सुधारली की निम्मी लढाई सोपी होते. दुसरी गोष्ट छातीतल्या धडधडीची. मार खाल्लेल्या, कायम धाकात राहिलेल्या बाईला छातीत धडधड म्हणजे संकट, एवढंच माहीत असतं. दारावर पावलं वाजली की धडधड, भांडं पडलं की धडधड. मग कारण नसतानाही काळीज उडायला लागतं आणि त्या धडधडीचीच भीती बसते. मैदानावर दोन फेऱ्या पळाली की तीच धडधड होते, घाम येतो, श्वास फुलतो, पण कोणी अंगावर येत नाही. थांबलं की पाच मिनिटांत सगळं शांत होतं. असं पुन्हा पुन्हा झालं की शरीर नवा धडा शिकतं, धडधडीतून आपण सुखरूप बाहेर येतो. ज्या शरीरावर आजवर दुसऱ्यांनीच हक्क सांगितला, ते आपल्या हुकमात आहे असं तिला वाटायला लागतं.

आता सोबतीबद्दल. इंग्लंडमध्ये २००४ च्या २ ऑक्टोबरला लंडनच्या बुशी पार्क या बागेत १३ माणसं पाच किलोमीटर पळायला जमली. बोलावणारा पॉल सिंटन-ह्यूइट हा गृहस्थ तेव्हा दुखापतीनं स्वतः पळू शकत नव्हता, नोकरीही गेली होती. त्याला पळण्यापेक्षा मित्रांना भेटायची गरज होती. त्यातून ‘पार्करन’ ही चळवळ उभी राहिली आणि आज ती अनेक देशांत पसरली आहे. दर शनिवारी सकाळी, मोफत, कुणीही यावं. चालत आलात तरी चालतं. सगळं काम स्वयंसेवक करतात. यात मला सर्वांत आवडलेली गोष्ट अशी की एक स्वयंसेवक मुद्दाम सर्वांच्या मागून चालतो. त्यामुळे येणारं कोणीच शेवटचं राहत नाही. २०१८ पासून तिथल्या डॉक्टरांच्या संघटनेनंच दवाखान्यांना सांगितलं की आपल्या जवळच्या पार्करनशी नातं जोडा आणि रुग्णांना तिकडे पाठवा.

अमेरिकेत लॉस एंजेलिसमध्ये स्किड रो नावाची वस्ती आहे. हजारो बेघर माणसं तिथे रस्त्यावर राहतात, व्यसनांचा मोठा विळखा आहे. तिथे २०१२ साली क्रेग मिचेल या न्यायाधीशानं पळणाऱ्यांचा गट सुरू केला. व्यसनातून बाहेर पडू पाहणारे, तुरुंगातून सुटलेले, आणि त्यांच्या बरोबरीनं वकील, शिक्षक, विद्यार्थी, सगळे सकाळी एकत्र पळतात. व्यसन सोडलेल्या माणसाला सर्वांत मोठा प्रश्न असतो तो मोकळ्या वेळाचा आणि जुन्या संगतीचा. पहाटे पाच-साडेपाचला कुणीतरी आपली वाट बघत उभं आहे, एवढ्यानं त्या दिवसाची सुरुवात तरी वेगळी होते.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. आपल्या आज्या पहाटे जात्यावर दोघी बसायच्या, पाणवठ्यावर चौघी भेटायच्या, मंगळागौरीला रात्रभर फुगड्या घालून घाम काढायच्या. आषाढात वारीला निघालेली बाई दोन-तीन आठवडे दिंडीबरोबर चालते, आणि घरात तोंड न उघडणारी तिथे मोठ्यानं गाते, हसते, रडते. मी जुन्या काळाचे गोडवे गात नाही. जातं गेलं, नळ घरात आला, बाईची कंबर वाचली, हे चांगलंच झालं. पण कष्टाबरोबर चारचौघींत मन रितं करायची जागाही गेली आणि तिच्या बदल्यात दुसरी कुणी दिली नाही. टीव्ही आला, मोबाइल आला, पण त्यापुढे बाई एकटीच बसते.

आपली चळवळ तरी कशी वाढली? १९८० साली मथुरा प्रकरणानंतर बायका एकत्र जमू लागल्या तेव्हा पहिल्यांदा कळलं की आपलं दुखणं आपल्या एकटीचं नाही. मोर्च्यात खांद्याला खांदा लावून चालताना अंगात येणारं बळ आपण सगळ्यांनी अनुभवलं आहे. मी म्हणते ती गोष्ट याच जातीची आहे. फक्त मोर्चा वर्षातून दोनदा निघतो, आणि मनाला सोबत आठवड्यातून तीनदा लागते.

आमच्या तालुक्याच्या गावात शाळेच्या मैदानावर सकाळी बायकांचा गट जमतो. त्याची सुरुवात कोणी केली असेल? पोलीस भरतीच्या मुलींनी. आज महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावाच्या रस्त्यावर पहाटे पाहा, भरतीसाठी ८०० मीटरचा सराव करणाऱ्या मुली पळताना दिसतील. नोकरीच्या आशेनं का होईना, त्यांनी पहाटेचा रस्ता बायकांसाठी उघडला. सावरपाड्याची कविता राऊत २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरमध्ये पदक घेऊन आली, माण तालुक्याची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीत धावली, त्यांनीही घराघरांतल्या बापांची तोंडं थोडी बंद केली. या मुलींच्या मागोमाग आमच्या केंद्रातल्या बायका मैदानावर आल्या. कुणी साडी खोचून, कुणी पंजाबी ड्रेसवर, कुणी मुलाचे शाळेचे बूट घालून.

तिथे मला एक गोष्ट कळली. केंद्रात टेबलासमोर बसून जी बाई तासाभरात चार वाक्यं बोलत नाही, ती शेजारी चालताना बोलते. समोरासमोर डोळ्यांत बघून सांगणं जड जातं. दोघींची नजर पुढे रस्त्यावर असली की शब्द सुटतात. मैदानावर ती ‘केस’ नसते. तिची फाइल नसते. तिथे ती इतरांसारखीच दमलेली एक बाई असते. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे ती आली नाही तर कुणाच्या तरी लक्षात येतं. ज्या बाईला वाटत असतं की मी असले काय आणि नसले काय, तिच्यासाठी ‘काल का नाही आलीस गं?’ हा प्रश्न फार मोठा असतो.

पण मैदानापर्यंत पोचणं सोपं नाही. पहिली अडचण वेळेची. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत दिसलं की घरकाम करणारी बाई दिवसाला सरासरी २९९ मिनिटं बिनमोलाच्या घरकामात घालवते, आणि घरकाम करणारा पुरुष ९७ मिनिटं. या २९९ मिनिटांतून तिची ४० मिनिटं सोडवायची असतील तर घरात कुणीतरी चहा ठेवायला, पाणी भरायला उठलं पाहिजे. म्हणून पळण्याचा गट हा घरातल्या कामवाटपाचाही प्रश्न होतो, आणि तो आपण तसा मांडला पाहिजे.

दुसरी अडचण नजरेची. बाई विनाकारण रस्त्यावर दिसली की लोकांना कारण लागतं. मुंबईतल्या शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ साली ‘व्हाय लॉयटर’ हे पुस्तक लिहून हाच मुद्दा मांडला, की काही कामाशिवाय बाहेर रेंगाळणं हाही बाईचा हक्क आहे. हे सगळीकडचंच आहे. १९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये बायका प्रथमच ८०० मीटर पळाल्या. पळून दमल्या, जसे पुरुषही दमतात. पण वर्तमानपत्रांनी बायका कोसळल्या असा गदारोळ केला आणि ती शर्यत १९६० पर्यंत बंद झाली. १९६७ साली बोस्टन मॅरेथॉनमध्ये कॅथरिन स्वित्झर नंबर लावून पळत होती, तर संयोजकांपैकी एकानं धावत येऊन तिचा नंबर फाडायचा प्रयत्न केला. ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन यायला १९८४ साल उजाडलं. बाईच्या शरीराला झेपणार नाही, हे प्रत्येक वेळी दुसऱ्यांनीच ठरवलं होतं.

तिसरी अडचण जागेची. मैदान असतं, पण त्यावर क्रिकेट असतं, नाहीतर गाड्या लावलेल्या असतात. दिवे नसतात, बायकांसाठी मुतारी नसते, कडेला दारूच्या बाटल्या असतात. ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत आपल्या निवडून आलेल्या बायका आहेत. सकाळचा एक तास मैदान बायकांसाठी, दोन दिवे आणि एक स्वच्छ मुतारी, हा ठराव मांडायला काय हरकत आहे? मानसिक आरोग्याचा खर्च म्हणून तो मांडा.

आता काही सावधानतेच्या गोष्टी.

एक. पळणं हे अत्याचारावरचं उत्तर नाही. नवरा मारतो म्हणून जिचं मन खचलं आहे, तिला ‘सकाळी पळत जा, बरं वाटेल’ असं सांगून परत पाठवणं हा अन्याय आहे. तिला आधी संरक्षण हवं, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली आदेश हवा, राहायला जागा हवी. हे सगळं लढायला अंगात बळ राहावं म्हणून पळणं. बारामतीच्या लता भगवान करे यांची गोष्ट तुम्हाला माहीत आहे. साठी उलटलेली ही मजूर बाई नवऱ्याच्या तपासणीला पैसे हवेत म्हणून नऊवारीत, अनवाणी शर्यतीत पळाली आणि जिंकली. २०२० साली तिच्यावर चित्रपट आला, त्यात तिनंच काम केलं. सगळ्यांनी तिच्या जिद्दीचं कौतुक केलं, ते योग्यच आहे. पण नवऱ्याच्या तपासणीसाठी एका म्हातारीला शर्यत जिंकावी लागते, ही त्या गोष्टीतली लाज कोणाची, हे आपण विचारायला हवं.

दोन. गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायच्या नाहीत. पळायला लागल्यावर चार दिवस बरं वाटतं आणि बाई गोळ्या टाकून देते, हे घातक आहे. लिथियम घेणारीनं तर जास्त काळजी घ्यावी, कारण घाम जाऊन अंगातलं पाणी कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढू शकतं. पाणी पीत राहायचं आणि डॉक्टरांना सांगून ठेवायचं.

तीन. रक्त तपासा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. अशा बाईला दोन पावलांत धाप लागते आणि ती स्वतःलाच दोष देते. आधी हिमोग्लोबिन बघा, लोहाच्या गोळ्या सुरू करा, तोवर चाला. बाळंतीण असेल, हृदयाचा त्रास असेल, तर डॉक्टरांचा सल्ला घ्या.

चार. वजन, रंग, बांधा यांवर गटात कोणी बोलायचं नाही. बारीक व्हायला या असं म्हणून बायका बोलावल्या तर आपण त्यांना पुन्हा आरशापुढे उभं केलं.

पाच. मैदानावर ऐकलेलं मैदानावरच राहिलं पाहिजे. एक गोष्ट गावात फुटली की गट फुटला.

ज्यांना गट सुरू करायचा आहे त्यांच्यासाठी साधी रीत सांगते. आठवड्यातून तीन दिवस, ठरलेली वेळ, ठरलेली जागा. दोघींनी जबाबदारी घ्यायची, म्हणजे एक आजारी पडली तरी दुसरी हजर असते. पहिले दोन आठवडे फक्त चालायचं. मग एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं, असं २० मिनिटं. शेजारणीशी बोलता येईल इतकाच वेग. बोलता येत नसेल तर वेग जास्त झाला. एकजण कायम सर्वांत मागच्या बाईबरोबर राहील. लागोपाठ दोनदा जी आली नाही तिच्या घरी कोणीतरी जाईल, आणि गेल्यावर ‘का आली नाहीस’ असा जाब न विचारता ‘चहा पाज’ म्हणेल. शेवटी दहा मिनिटं गोल बसायचं. बोलावंसं वाटलं तर बोलायचं, नाहीतर गप्प बसलं तरी चालतं.

आणि एखादीच्या बोलण्यात जीव नकोसा झाल्याचं आलं, तर घाबरून विषय बदलायचा नाही. सरळ विचारायचं, मरणाचे विचार येतात का? विचारल्यानं ते विचार वाढत नाहीत, उलट तिला मोकळं व्हायला वाट मिळते. तिला एकटं सोडायचं नाही, दवाखान्यात सोबत जायचं. १४४१६ हा सरकारचा टेली-मानस क्रमांक २०२२ पासून चालू आहे. तो मोफत आहे, रात्रंदिवस चालतो, मराठीत बोलता येतं. प्रत्येकीच्या मोबाइलमध्ये तो असू द्या.

शेवटचा मुद्दा कायद्याचा. २००१ च्या ६ ऑगस्टला तामिळनाडूत एरवाडीला आग लागली आणि साखळदंडांनी बांधून ठेवलेली २८ मनोरुग्ण माणसं जळून मेली. त्यांना पळता आलं नाही. त्यानंतर पुष्कळ झगडा झाला. पुण्याच्या भार्गवी दावर यांच्यासारख्या बाईनं आयुष्यभर हेच मांडलं की मनाचा आजार असलेल्या माणसाची जागा कोंडवाड्यात नाही, वस्तीत आहे, माणसांत आहे. २०२४ साली त्या गेल्या. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा आता उपचारांचा हक्क देतो, आणि १९ व्या कलमात समाजात राहण्याचाही हक्क देतो. हक्क कागदावर आला. पण समाजात राहायचं म्हणजे काय? चार भिंतींच्या आत, खोलीचं दार लोटून, जेवणाचं ताट सरकवून दिलेलं, हे काही समाजात राहणं नाही. सकाळी कोणीतरी हाक मारावी, आपण बाहेर पडावं, दोन बायकांच्या मधोमध चालावं, दमावं, हसावं, आणि उद्या येते म्हणून घरी जावं, हे समाजात राहणं आहे. ते न्यायालय देऊ शकत नाही. ते आपणच एकमेकींना द्यायचं आहे.

म्हणून माझी एकच सूचना आहे. इथे आलेल्या प्रत्येक गटानं जाण्याआधी तीन गोष्टी कागदावर लिहाव्यात: कुठलं मैदान, किती वाजता, आणि कोणत्या दोघी. मग गावी गेल्यावर जी बाई बरेच दिवस घराबाहेर दिसली नाही, तिच्या दारात जाऊन म्हणावं, चल गं, जरा पाय मोकळे करून येऊ. ती पहिल्या दिवशी नाही म्हणेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचं.